ऑलिंपियातली खालची खाट

“खालची खाट मिळेल का?” हे मी हॉस्टेलच्या त्या आजीबाईंना हातवाऱ्यांनी विचारलं. आधी स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर थाप मारली, मग वरच्या खाटेकडे बोट दाखवून तोंड वाकडं केलं आणि शेवटी खालच्या खाटेवर हात ठेवून, एसटीत खिडकी मागताना माणूस जेवढा गरीब होतो तेवढा गरीब झालो. आजींनी मान वर उडवली, जिभेने च्यक् केलं आणि म्हणाल्या, “ओही.”

आता कोल्हापुरात अठ्ठावन्न वर्षं काढलेल्या माणसाला ‘ओही’ म्हणजे काय ऐकू येणार? होय! मी दोन्ही हात जोडले, पाठीवरची चौदा किलोंची सॅक त्या खाटेवर आदळली, बूट काढले, उशीला पाठ टेकली आणि मनात म्हटलं, परदेशातली माणसं बोलायला तुसडी असतात, पण मनाने चांगली.

दहा मिनिटांनी साडेसहा फूट उंचीचा एक डच माणूस कमरेला टॉवेल गुंडाळून आत आला आणि आपल्या खाटेवर झोपलेल्या माझ्याकडे बघत उभा राहिला. वर लटकणारी सायकलिंगची चड्डी त्याची होती, उशाशी पडलेला नकाशा त्याचा होता आणि मी ज्या टॉवेलने तोंड पुसलं होतं तोही त्याचाच होता.

ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे हो आणि ‘ओही’ म्हणजे नाही. वर आपण होकाराला मान हलवतो तशीच काहीतरी मान उडवून ते नकार देतात. ज्या लोकांचं ‘नाही’ आपल्या ‘होय’सारखं लागतं, त्यांनी लोकशाही काढून मतदान कसं घेतलं असेल, हा प्रश्न मला शिडीवरून वरच्या खाटेवर चढेपर्यंत पुरला. शिडी म्हणजे बोटाएवढ्या जाडीच्या तीन लोखंडी सळ्या. गुडघ्याने प्रत्येक सळीवर वेगळा अभिप्राय दिला.

मी इथे का आलो होतो, ते सांगायला हवं. आमच्या गावात पेठेपेठेला तालीम आहे. बाराव्या वर्षी मीही आमच्या तालमीत तीन दिवस गेलो. पहिल्या दिवशी हौद्यातली माती उकरली, दुसऱ्या दिवशी अंग दुखतं म्हणून काठावर बसून राहिलो आणि तिसऱ्या दिवशी वस्तादांनी खांद्यावर हात ठेवून मायेने सांगितलं, “बाळ, तू बघायला येत जा.” तो सल्ला मी आयुष्यभर पाळला. खासबागेत बसून मी इतक्या कुस्त्या बघितल्या आहेत की डाव पडण्याआधी माझ्या तोंडून त्याचं नाव निघतं. हे खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं. १९०२ साली ते सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले होते, त्या प्रवासात रोममधलं प्रचंड क्रीडागार त्यांनी बघितलं आणि तसं काहीतरी आपल्या पैलवानांना हवं असं त्यांच्या मनाने घेतलं, असं आमच्याकडे सांगतात. म्हणजे माझ्या बुडाखालच्या मातीचं मूळ तिकडे कुठेतरी होतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, जगातलं सगळ्यात जुनं बघ्यांचं मैदान बघून यायचं.

बायको म्हणाली, “पडलेली देवळं बघायला एवढ्या लांब? जोतिबाला चल, उभं आहे.” पुतण्याने आपली सॅक दिली. तिच्यात काय भरावं याबद्दल त्याने दिलेली यादी आणि माझ्या बायकोने भरलेलं सामान यांत फक्त टूथब्रश सामाईक होता. बाकी मेतकूट, चिवडा, डिंकाचे लाडू, गरम पाण्याची पिशवी, पातळ गोधडी आणि लक्ष्मीपुरीतून आणलेली दहा मीटर नायलॉनची दोरी. “दोरी कशाला?” असं मी विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

प्रवासाची धास्ती मलाही होती. पण सॉक्रेटिसाने अशा धास्तीवर औषध देऊन ठेवलं आहे, ते झेनोफनने लिहिलं आहे. कुणीतरी त्याला म्हणालं की अथेन्सहून ऑलिंपियाला चालत जायचं म्हणजे फार लांब. त्यावर सॉक्रेटिसाचं म्हणणं असं की बाबा, तू घरी असलास तरी दिवसभर इकडून तिकडे चालतच असतोस. त्या पाच-सहा दिवसांच्या फेऱ्या एका रेषेत मांड, पोचलास. मी हिशेब केला. निवृत्तीनंतरच्या रंकाळ्याच्या फेऱ्या एका रेषेत मांडल्या तर मी केव्हाच ग्रीस ओलांडून गेलो असतो. तरी मी बसने गेलो. अथेन्सहून पाचेक तास, वाटेत कोरिंथचा कालवा एका श्वासात येतो आणि जातो, मग पात्रास, मग पिर्गोसला गाडी बदलायची. कालवा बघायला मी खिडकीकडे वळलो तेव्हा शेजारच्या बाईंनी उन्हासाठी पडदा ओढला. मी म्हटलं, “नाही, नाही!” त्यांना ‘ने, ने’ ऐकू आलं असावं, कारण त्यांनी पडदा आणखी घट्ट ओढून घेतला.

खोलीतल्या मंडळींची नावं मला शेवटपर्यंत कळली नाहीत. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्यांची ओळख विचारण्याची रीतच वेगळी. कुठून आलास, कुठे चाललास, किती दिवस, किती स्वस्तात. नाव सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा तोवर बस आलेली असते. आपल्याकडे आधी आडनाव, मग गाव, मग ‘म्हणजे त्या अमक्याचे कोण?’ आणि माणूस कुठे चाललाय हे विचारायचं नसतंच, अपशकुन होतो. त्यामुळे मीच नावं ठेवली. डच म्हणजे डच. खालच्या दुसऱ्या खाटेवर ऑस्ट्रेलियाची एक परिचारिका, सात महिने हिंडत होती, ती ‘सिस्टर’. तिच्या अख्ख्या बिऱ्हाडाचं ओझं माझ्या फराळाएवढं होतं. तिसऱ्या खालच्या खाटेवर जपानचे एक आजोबा, सत्तरीचे, बोलायचे फार कमी आणि वहीत पेन्सिलीने चित्रं काढायचे. वरच्या दोन खाटांवर स्पेनची दोन कॉलेजची पोरं, ती थोरला आणि धाकटा. बायका-पुरुष एकाच खोलीत झोपतात ही बातमी मी घरी फोनवर जरा जपूनच सांगितली. पलीकडून एवढंच आलं, “तू घोरतोस, हे त्यांना आधी सांगून ठेव.”

दोरीने मात्र माझी इज्जत वाढवली. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत मी ती ताणली आणि तासाभरात तिच्यावर पाच देशांचे कपडे वाळत होते. आजोबांनी तर गाठ बघून वाकून नमस्कार केला. ती गाठ मी गोठ्यात शिकलो होतो.

सकाळी आठला प्राचीन ऑलिंपियाचं दार उघडतं, म्हणून आम्ही गावातून लवकर निघालो. गाव म्हणजे एक मुख्य रस्ता आणि दोन्ही बाजूंना टी-शर्टची दुकानं. क्लादेओस नदीवरचा पूल ओलांडला की झाडी सुरू होते. ही नदी आणि पलीकडची आल्फेओस, दोघींनी मिळून आणि भूकंपांनी हातभार लावून सगळं ऑलिंपिया गाळाखाली गाडलं. १७६६ साली रिचर्ड चँडलर नावाच्या इंग्रजाने जागा ओळखली आणि १८७५ पासून जर्मनांनी नेटाने खणायला घेतलं. तोवर शेकडो वर्षं इथे माणसं शेती करत होती, खाली देव झोपलाय याचा पत्ता नव्हता.

झ्यूसच्या देवळाचे खांब पडलेत ते इतके शिस्तीत की बघत राहावं. एकेक खांब म्हणजे जात्यांची उतरंड. ती आडवी कलंडली आणि प्रत्येक जातं शेजारच्याच्या खांद्यावर रेलून पडलं. एक खांब परत उभा केलाय, त्याच्या उंचीवरून बाकीच्यांचा अंदाज करायचा. आत फिडियासने केलेली झ्यूसची सोन्याची आणि हस्तिदंताची मूर्ती होती, सुमारे बारा मीटर, जगातल्या सात आश्चर्यांतली. मूर्तीचा आज कपटाही नाही. पण फिडियासच्या कारखान्याच्या जागेत एक साधा मातीचा पेला सापडला, त्याच्या बुडाशी ‘मी फिडियासचा’ अशा अर्थाचं कोरलेलं आहे. सात आश्चर्यांतलं एक गेलं आणि चहाचा कप राहिला. आमच्या बँकेतही प्रत्येकाने आपल्या कपावर नाव घातलं होतं. ते आता एवढं टिकणार म्हटल्यावर जरा अक्षर सुधारायला हवं होतं.

पलीकडे हेराचं देऊळ. इथे अंतर्गोल आरशात सूर्य पकडून ऑलिंपिकची ज्योत पेटवतात. प्रथा पुरातन वाटते, पण मशालीची दौड १९३६ च्या बर्लिनपासूनची. २०२४ च्या एप्रिलमध्ये ऐन समारंभाला आभाळ भरून आलं. तेव्हा रंगीत तालमीत पेटवून ठेवलेली ज्योत काढली आणि तिच्यावर भागवलं. देवाच्या दारात शिळं चालतं, हे कळल्यावर मला ग्रीक लोक एकदम आपले वाटले.

कुस्तीगिरांच्या तालमीपाशी, तिला पालेस्त्रा म्हणतात, मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. इथे पैलवान अंगाला तेल चोळायचे, वर धूळ माखायचे, लढायचे आणि मग धातूच्या वाकड्या पट्टीने अंगावरचा तो राडा खरवडून काढायचे. तेल, घाम आणि मातीचा तो लगदा औषध म्हणून विकला जायचा. सिस्टर म्हणाली, “शी!” मला मात्र शी म्हणता येईना. आमच्या हौद्यात तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू पडतं. लहानपणी पाय मुरगळला की आजी मला तालमीत नेऊन तीच माती लावून आणायची, आणि पैलवानांचा घाम तिच्यात फुकट मिळायचा. हे मी सिस्टरला समजावून सांगितलं. ती दोन पावलं लांब सरकली.

आता बघ्यांविषयी. ऑलिंपियाबद्दल जो तो धावणाऱ्यांचं बोलतो. इ.स.पू. ७७६ साली पहिली शर्यत जिंकलेल्या कोरोइबोसचं नाव सगळ्यांना ठाऊक, आणि हा एलिसचा गडी पेशाने आचारी होता हेही लोक कौतुकाने सांगतात. पण ही शर्यत बघायला जे आले त्यांचं काय? ऐन उन्हाळा. मैदानाच्या कडेचे मातीचे उतार, त्यांवर पंचेचाळीस हजार माणसं मावत, आणि बसायला आसन फक्त परीक्षकांना. दोन नद्या असूनही पिण्याच्या पाण्याचे हाल. माश्या इतक्या की माश्या हाकणारा झ्यूस असं देवाचं वेगळं रूप काढून त्याला बळी द्यायचे. मधल्या दिवशी शंभर बैल कापले जायचे, म्हणजे माश्या कुठून यायच्या तेही उघड आहे. बड्या पाहुण्यांसाठी इ.स.पू. चौथ्या शतकात लेओनिदास नावाच्या नाक्सोसच्या धनिकाने मोठं विश्रामगृह बांधलं. बाकीच्यांनी तंबूत किंवा आभाळाखाली पडायचं. शासकीय विश्रामगृहात कुणाला जागा मिळते हा नियम तेव्हापासून बदललेला नाही.

इलियन नावाच्या लेखकाने एक किस्सा नोंदवला आहे. खिओस बेटावरचा एक मालक गुलामावर चिडला आणि म्हणाला, तुला जात्याला नाही जुंपणार, ऑलिंपियाला नेणार. दिवसभर जातं ओढण्यापेक्षा उन्हात खेळ बघणं ही मोठी शिक्षा! मी तर ती शिक्षा स्वतः पैसे साठवून, व्हिसाच्या रांगेत उभा राहून मिळवली होती.

पुढे दुसऱ्या शतकात हेरोदेस आतिकस या श्रीमंताने नळ आणून भलं मोठं पाण्याचं कुंड बांधलं. लोकांनी हुश्श म्हटलं. तर पेरेग्रिनस नावाचा एक तत्त्ववेत्ता उठला आणि भाषण ठोकलं की यामुळे ग्रीक माणूस नाजूक होतोय, बघ्यांनी तहान सोसली पाहिजे. भाषणाच्या मधे तो पाणी पीत होता ते त्याच कुंडाचं, असं लुशियन लिहितो. लोक दगड घेऊन धावले. चार वर्षांनी त्याने त्याच हेरोदेसचं गुणगान करणारं भाषण केलं. असा वक्ता आमच्याकडे निवडून आला असता.

मैदानाकडे जाण्याच्या वाटेवर डाव्या हाताला दगडी चौथरे ओळीने दिसतात. सोळा आहेत. यांच्यावर झ्यूसचे ब्राँझचे पुतळे होते आणि ते लबाडी करणाऱ्यांच्या दंडातून उभारले होते. इ.स.पू. ३८८ मध्ये थेसलीच्या युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने तीन प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले. पकडला गेला. पैसे देणारा आणि घेणारे सगळ्यांना दंड झाला आणि पहिले सहा पुतळे उभे राहिले. मैदानात शिरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला त्यांच्यासमोरून जावं लागे. डचने फलक मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाला, “सायकलिंगवाल्यांनी दंड भरला असता तर फ्रान्समध्ये चालायला जागा उरली नसती.” मी मनापासून हसलो. ते हसू नंतर महागात पडलं.

मग दगडी कमान, आणि पलीकडे मैदान. काहीच नाही हो. लांबट मातीचा पट्टा, दोन्ही बाजूंना गवताचे उतार, एका बाजूला परीक्षकांची दगडी बैठक, समोर देमेतरची वेदी. अंतर १९२.२७ मीटर, म्हणजे सहाशे प्राचीन ग्रीक फूट. दोन्ही टोकांना दगडी पट्ट्या, त्यांत पायाची बोटं रुतवायला दोन समांतर खाचा. त्या खाचेत बोट घालून मी बघितलं. अंगठा नीट बसला. अडीच हजार वर्षांत अंगठ्यात काही सुधारणा झालेली नाही.

“अगं बाई, मराठी!”

माझ्या टोपीवरची अक्षरं वाचून एक काकू उतारावरून खाली आल्या. मागे काका. काताकोलोच्या बंदरात त्यांचं जहाज लागलं होतं आणि दीड तासात ऑलिंपिया उरकून परत चढायचं होतं. चार मिनिटांत काकूंनी माझं आडनाव, पेन्शन, रक्तदाब आणि मुलीचं सासर एवढं काढून घेतलं. खोलीतल्या मंडळींना हे दोन दिवसांत जमलं नव्हतं.

“एकटेच?” काकू म्हणाल्या. “घरी काही झालं का?”

काका धावपट्टीकडे बघत होते. “आमच्या सोसायटीच्या ग्राउंडएवढंच आहे की हे,” ते म्हणाले. “फक्त आमच्याकडे बाकडी आहेत.”

मी मग माहिती दिली. समोरच्या देमेतरच्या वेदीवर तिची पुजारीण बसायची आणि लग्न झालेल्या बायकांपैकी खेळ बघायची मुभा तेवढी तिलाच. दुसरी कुणी सापडली तर डोंगरावरून ढकलून देण्याचा कायदा होता. एक कालिपातेरा मुलाचा गुरू बनून पुरुषवेषात आली, मुलगा जिंकल्यावर आनंदाने कुंपण ओलांडताना वस्त्र घसरलं आणि उघडी पडली. बाप, भाऊ, मुलगा सगळे ऑलिंपिकविजेते म्हणून तिला सोडलं, पण पुढे गुरूंनाही नागडं यायचा नियम केला.

“किती दिवस चालायचे खेळ?” काकूंनी विचारलं.

“पाच. शिवाय येण्याजाण्याचे.”

“म्हणजे पंधरा दिवस नवरे घराबाहेर?” काकूंनी काकांकडे बघितलं. “बंदी कसली, सुट्टी होती ती बायकांना.”

मग त्यांनी पर्समधून खाकऱ्याचं पाकीट काढून माझ्या हातात कोंबलं आणि जहाज सुटेल म्हणून निघाल्या. जाता जाता काकांनी जपानी आजोबांना मराठीत विचारलं, “फोटो काढता का जरा?” आजोबांनी काढला. व्यवस्थित.

शर्यतीची कल्पना थोरल्याची. डच, सिस्टर, थोरला आणि धाकटा असे चौघे धावणार. शेवटून पहिला येईल त्याने रात्री सगळ्यांना जेवण द्यायचं. मला धावायला कुणी म्हटलं नाही. तीन दिवसांची तालीम चेहऱ्यावर दिसत असणार. मला परीक्षक केलं. मी परीक्षकांच्या बैठकीच्या जवळ, म्हणजे तिच्याभोवतीच्या दोरीच्या अलीकडे, उभा राहिलो. जपानी आजोबा उतारावर वही उघडून बसले. ठरलं असं की मी टोपी खाली टाकली की सुटायचं.

मी टोपी वर धरली. चौघे खाचांत बोटं रुतवून वाकले. आणि तेवढ्यात कुठूनतरी खणखणीत शिटी झाली.

ही शिटी पहारेकरीण बाईंची होती. ग्रीसमध्ये प्राचीन दगडाला हात लावला, त्यावर बसलं किंवा त्याच्यासमोर नको ते हावभाव करून फोटो काढला की शिटी वाजते. तिकडे कमानीपाशी कुणीतरी दगडावर पिशवी ठेवली होती. पण डच सुटला. साडेसहा फुटांचा माणूस, सायकलीने पिळदार झालेल्या मांड्या, आणि समोर मोकळी धावपट्टी. बाकी तिघे माझ्या टोपीकडे बघत होते. मी घाईने टोपी टाकली, पण तोवर डच चार ढांगा पुढे होता. शेवटी तो पहिला, सिस्टर अर्ध्या हाताने दुसरी, थोरला तिसरा आणि धाकटा तर वाटेतच हसत गवतावर पडला.

गोंधळ. सिस्टरचं म्हणणं, आधी सुटला. पूर्वी आधी सुटणाऱ्याला फटके मारायचे, तिने आदल्या रात्रीच वाचलं होतं. थोरल्याने फुटबॉलमधल्या व्हिडिओ-पंचांचा दाखला दिला. डचने नीरो काढला. इ.स. ६७ मध्ये नीरो बादशहा इथे दहा घोड्यांच्या रथातून पडला, शर्यत पुरीही केली नाही, तरी त्याला विजेता म्हणून जाहीर केलं होतं. “त्याच्या मानाने मी निदान शेवटपर्यंत पोचलो,” डच म्हणाला. हे खरं, पण नीरोने परीक्षकांना पैसे दिले होते आणि तो मेल्यावर ते परत मागितले गेले, हेही फलकाच्या पलीकडचं ज्ञान मला होतं. मी गप्प राहिलो.

निर्णयाला पाच मिनिटं मागितली आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने बाजूला झालो. डच माझ्या मागे आला. त्याने माझ्याकडे न बघता, समोरच्या क्रोनोसच्या टेकडीकडे बघत विचारलं, “गुडघा कसा आहे?”

“सपाटीला ठीक असतो,” मी म्हटलं. “शिडीला त्रास देतो.”

“मला वरची खाट चालते,” डच म्हणाला. “उलट पाय बाहेर काढायला बरं.”

एवढंच. पैशाचा विषय नाही, शर्यतीचा विषय नाही. माझ्या अठ्ठावन्न वर्षांत मी कर्जाच्या फायली बघितल्या, शिफारशी बघितल्या, दिवाळीच्या मिठाईचे पुडे परत पाठवले. आणि लाचेचं हे इतकं सभ्य रूप मला निवृत्तीनंतर झ्यूसच्या दारात भेटायचं होतं. मी परत आलो, टोपी घातली आणि जाहीर केलं की शिटी ही ‘दैवी संकेत’ मानावी लागेल, सबब डच पहिला. सिस्टर माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. परिचारिकांना खोटं दुखणं ओळखता येतं.

विजेत्याला पूर्वी रानऑलिव्हचा मुकुट मिळायचा. त्याची डहाळी सोन्याच्या विळ्याने कापायची आणि ती कापणारा मुलगा आईवडील दोघंही हयात असलेला हवा. मला हे वाचून आमच्याकडचे भटजी आठवले. धाकट्याचे आईबाप ठणठणीत आहेत हे विचारून घेऊन आम्ही त्यालाच पाठवलं. प्राचीन झाडांना हात लावला असता तर परत शिटी झाली असती, म्हणून त्याने दुपारी हॉटेलमागून एक फांदी आणली. ती ऑलिव्हची नव्हती. डचने रात्रीच्या जेवणापर्यंत ती डोक्यावर ठेवली.

खरं तर विजेत्यांचं खरं कौतुक घरी गेल्यावर व्हायचं. सिसिलीतल्या आक्रागासचा एक्झेनेतोस जिंकून आला तेव्हा पांढऱ्या घोड्यांचे तीनशे रथ त्याच्यासोबत गावात शिरले होते. जेवताना मी त्यांना आमच्या खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी आपलं घर गहाण टाकलं. खाशाबांनी कुस्तीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं पहिलं पदक, आणि गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. “किती गाड्या?” जपानी आजोबांनी विचारलं. दोन दिवसांतलं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य. शंभराहून जास्त, मी म्हटलं. आजोबांनी वहीत एक बैल काढला, मग मागे आणखी एक, मग पान संपेपर्यंत बैल. त्यांची शिंगं जरा जपानी झाली होती, पण मला घशात काहीतरी आलं आणि मी ते पाण्याबरोबर उतरवलं. बिल धाकट्याने दिलं. माझ्या निकालाशी त्याच्या शेवटच्या नंबराचा काही संबंध नव्हता, तरी त्याच्या पाकिटाकडे मला बघवेना.

रात्री डचने आपला नकाशा, चड्डी आणि टॉवेल वर नेले. मी खालच्या खाटेवर आडवा झालो. गुडघा इतका खूश की दुखायचं विसरला. दिवा घालवण्याआधी जपानी आजोबा माझ्याकडे आले आणि वहीचं एक पान माझ्यासमोर धरलं. सकाळची शर्यत. तीन माणसं खाचेत वाकलेली, एक उंच माणूस चार ढांगा पुढे, आणि कडेला एक टोपीवाला, हात अजून वर, टोपी अजून हातात. टोपीवरची मराठी अक्षरंसुद्धा त्यांनी जशीच्या तशी उतरवली होती. आजोबा काही बोलले नाहीत. वाकून नमस्कार केला आणि दिवा घालवला.

वर डच कुशीवर वळला. साडेसहा फुटांचा देह मध्यावर आला आणि खाटेच्या लाकडी पट्ट्यांनी कण्हत खाली बाक घेतला, तो माझ्या नाकापासून बरोबर चार बोटांवर थांबला. मी हळूच हात वर करून पट्टीला टेकू दिला. पलीकडे सिस्टर अंधारात म्हणाली, “गुडघा कसा आहे?”

“ओही,” मी म्हटलं.